अरुंद तोंडाचं पेव

आमच्या घरचं पेव पंचक्रोशीला ठाऊक होतं. चौसाळ्याच्या बाजारात कुणी विचारलं, यंदा जुना दाणा कुणाकडं मिळंल, की लोक आमच्या गावाकडं बोट करायचे. गावाच्या पांढऱ्या मातीत खोदलेलं, रांजणासारखं पोट फुगलेलं, बारा हात खोल, वीस खंडी ज्वारी गिळून ढेकर न देणारं. वरून बघणाऱ्याला मात्र काही दिसायचं नाही. एक धोंडा, धोंड्यावर माती, आणि मातीवर आमची कालवड रवंथ करत बसलेली.

ते पेव माझ्या सासऱ्यांनी, भगवानराव पाटलांनी खोदवलं. त्या काळी रोहिल्यांच्या टोळ्या फिरायच्या. निजामाची चौकी लांब आणि रोहिला जवळ, अशी गत. म्हणून सासऱ्यांनी पेवाच्या तोंडाला एका दगडातून कोरलेलं कडं बसवलं आणि ते इतकं अरुंद ठेवलं, की अंगापिंडाच्या गड्याचे खांदे त्यातून जाऊच नयेत. चोराला आत शिरायचं असंल तर त्यानं आधी दोन महिने एकादशी धरावी, असं ते हसत हसत म्हणायचे. त्यांची अक्कल अशी नामी, म्हणून आम्ही सगळे त्यांना मानायचो.

चोर उतरत नव्हता तसा घरचा गडीही उतरत नव्हता. उतरायचं लेकरू. त्याच्या कमरेला चऱ्हाट बांधायचं, हातात कंदील द्यायचा आणि खाली सोडायचं. ते आत बसून ज्वारी पोत्यात भरायचं, वरची माणसं पोतं ओढून घ्यायची. पेव रिकामं झालं की तेच लेकरू पुन्हा आत जाऊन भिंती शेणामातीनं लिंपायचं, तळाशी कडबा अंथरायचं, मग नवा माल पडायचा. चूल बाईची, औत गड्याचं आणि पेव लेकराचं, एवढं ते सरळ होतं. त्यात विचारायचं काय?

आमच्याकडं हे काम धुळाजीच्या घराकडं होतं. धुळाजी आमचा सालदार. लहानपणी तो स्वतः उतरायचा. त्याचे खांदे भरले तसा पुढं त्याचा थोरला उतरायला लागला. मागच्या खेपेला वर येताना थोरल्याची छाती कड्यात अडकली, तेव्हा सगळे हसले, त्याच्या पाठीवर थाप मारून गडी झाला म्हणाले. आता पाळी धाकटीची, छबूची. आठ वर्षांची, काडीसारखी. तिनं वर्षभर आधीच सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, की पेवात मी उतरणार हाय.

निजामाच्या सनानं फसली तेराशे बेचाळीसचं साल असावं. चैत्रात एक दिवस आमच्या दारात महसुलाचा गिरदावर येऊन उभा राहिला. बद्रीनाथ नावाचा, वाळका, तट्टावर बसला की तट्टू जाड दिसावं असा. मला वाटलं, पिकाची पाहणी असंल. माझ्या लेकानं, त्रिंबकनं घोंगडं टाकलं, मी ताक दिलं. ताक पिऊन तो म्हणाला, पेव कधी उघडणार?

गिरदावरानं पेवाचं विचारलं की शहाण्या माणसानं आधी कानावर हात ठेवावा. मी म्हटलं, तुमच्या सरकारला आता जमिनीच्या वरचं पुरंना व्हय?

त्याला राग आला नाही. तो सांगायला लागला, की मोठ्या शहरांत कापसाचे जे कारखाने आहेत, सरकी वेगळी करणारे, तिथं लहान पोरांना मशिनीपाशी लावायचं नाही असा कानून झाला आहे. पोरांची बोटं जात होती, छाती कापसानं भरत होती. इंग्रजांच्या मुलखात झाला, आता आपल्या राज्यातही झाला. मी म्हटलं, आमच्याकडं ना कारखाना ना मशीन, तर तो कानून इथं कावून आणला? आणि हुकूम असंल तर दाखवा.

"हुकूम नाही, पाटलीणबाई," तो म्हणाला. "पेवासाठी कानूनच नाही. कानून लिहिणाऱ्यांनी पेव पाहिलेलं नाही."

"आन् तुमी पाह्यलंय?"

"मी मुंजाला बाहेर काढताना पाहिलंय."

मुंजाचं आम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या गावचं पोर, सात वर्षांचं, मागच्या चैत्रात पेवात गेलं. धुळाजीच्या बायकोच्या, भिवराच्या सख्ख्या बहिणीचं. आम्ही म्हटलं होतं, आयुष्य तेवढंच होतं. बद्रीनाथनं त्या मयताचा पंचनामा लिहिला होता. तो म्हणाला, पोर उतरलं तेव्हा कंदील चांगला जळत होता, म्हणून सगळे निर्धास्त राहिले. पण ज्वारीच्या पोटात वाफ कोंडलेली असते. वरच्या थरावर दिवा जळतो, आणि जसजसं खाली उकरावं तसतशी ती वाफ निघून तळाशी साचते. तिला वास नाही, रंग नाही. लेकरू बसून भरत असतं, म्हणजे त्याचंच नाक तिच्यात आधी बुडतं.

आमच्याकडं रीत होती, की आत गेलेल्या लेकरानं सारखं गाणं म्हणत राहायचं. गाणं ऐकू आलं की वरच्यांनी समजायचं, जीव आहे. मुंजाचं गाणं थांबलं तेव्हा वरच्यांना वाटलं, पोरगं रुसलं. चार माणसांनी त्याला वरून चिडवलं. मग कुणीतरी दोर ओढला.

एवढं सांगून बद्रीनाथनं पागोटं नीट केलं. मग म्हणाला, तेव्हापासून मी गावोगाव फिरतो. तीस गावं झाली. हुकूम नाही म्हणून हात जोडतो. तोंड फोडून मोठं करा, मोठी माणसं उतरवा, दिवा पायाशी ठेवा. लोक हसतात.

मीही हसले. खोटं कशाला सांगू. म्हटलं, माझ्या सासऱ्याचा दगड फोडायला सरकार आलं तरी फोडू देणार न्हाई, तुमी तर बिनहुकुमाचे. तो म्हणाला, उघडायच्या दिवशी मी येतो. मी म्हटलं, या की, दोर धरायला माणूस लागतंच.

पेव उघडलं तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तीन वर्षं उघडलं नव्हतं. एकदा उघडलं की माल आत ठेवता येत नाही, हवा लागून काळा पडतो, म्हणून सगळं घर आणि अर्धं गाव सकाळपासून कामाला लागलं होतं. कालवड सोडली, माती काढली, धोंडा सरकवला. आतून गरम वाफ अशी आली, की पुढं वाकलेला धुळाजी दोन पावलं मागं गेला. दुपार उतरेपर्यंत तोंड तसंच उघडं ठेवलं. सुनेनं दगडाच्या कड्याला हळदकुंकू लावलं, त्रिंबकनं नारळ फोडला. कंदील दोरीनं खाली सोडला, तो निम्म्या खोलीवरच्या ज्वारीवर जाऊन टेकला आणि छान जळत राहिला. बद्रीनाथ येऊन एका बाजूला उभा होता. तो नुसता त्या दिव्याकडं बघत होता.

छबूला मी हाक मारली. पोरगी नाचतच आली. तिच्या हातावर मी गूळखोबरं ठेवलं, उतरणाऱ्याचा मान असतो तो. तिनं उभ्या उभ्या खाल्लं. धुळाजी चऱ्हाट घेऊन पुढं झाला.

तेवढ्यात भिवरा आली आणि पेवाच्या तोंडावर बसली.

भिवराबद्दल सांगायचं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच. वीस वर्षं ती माझ्या अंगणात शेण काढत होती आणि तिचा आवाज कसा आहे हे मला विचारलं असतं तर आठवायला वेळ लागला असता. मी रागावले तर खाली बघायची, न रागावले तरी खाली बघायची. ती बाई त्या दगडी कड्यावर अशी बसली, जशी बाई दळायला बसते. पदर खोचलेला, पाय पसरलेले, दोन्ही हात दगडावर.

धुळाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊठ म्हणाला, मग ऊठ की म्हणाला, मग हात उगारला. ती हलली नाही. बद्रीनाथनं मधे येऊन त्याचा हात धरला. आमचा त्रिंबक समजूतदारपणा दाखवायला गेला. म्हणाला, तिच्या बहिणीच्या पोराचं तसं झालंय, आज तिच्या मनाला लागंल, दुसऱ्या कुणाचं लेकरू बघू.

मी पुढं झाले. म्हटलं, "आयकलं का गं? तुझी उतरली न्हाई तर दुसऱ्या मायची उतरंल. चालंल तुला?"

"न्हाई चालायचं," भिवरा म्हणाली.

"मग माल कुणी काढावा? तुझ्या बापानं?"

"मोठ्या बाई," ती म्हणाली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, "थोरल्याच्या कमरंला तीनदा ही गाठ मी बांधली. तीनदा वर बसून गाणं आयकलं. एकदा त्यानं मधीच पानी मागायला गाणं सोडलं, तवा माझं काय झालं ते मलाच ठाव. आता न्हाई. कुनाचंच लेकरू न्हाई. ज्याचं पोट ह्या दाण्यावर भरतं त्यानं उतरावं."

गुरांच्या घंटासुद्धा ऐकू आल्या.

मला राग आला, हे आधी सांगते. असा आला, की कानशिलं तापली. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते मला ओळखता येईना. ही शेणातली बाई, हिच्या पाठीशी नवरा नाही, सरकार नाही, कानून नाही. गिरदावराकडं निदान पागोटं होतं, हिच्याकडं काय होतं? आणि तरी तिथं जमलेल्या साठ माणसांत तिला उठवायची ताकद कुणाच्यात नव्हती. मालक गेल्यावर मी लेकीसुना वागवल्या, भाऊबंदांशी झगडले, तहसीलीत जाऊन उभी राहिले. पण माझ्या पाठीशी नेहमी हे घर होतं. बिनपाठीचं माणूस असं बसतं हे मी पहिल्यांदा बघत होते.

ज्याचं पोट भरतं त्यानं उतरावं. त्रिंबक उतरूच शकत नव्हता, त्याचं पोट त्याच्या आधी अडलं असतं. सगळ्यांनी हळूच माझ्याकडं बघायला सुरुवात केली. मी हाडानं बारीक. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पाटलाच्या घरात चिमणी आणली. त्या कड्यातून घरात एकटी मीच जाणार होते, आणि हे मला कळलं तेव्हा गावालाही कळलं.

मी म्हटलं, "ऊठ. बांध."

भिवराला आधी उमगलं नाही. मग ती उठली. त्रिंबक मधे पडला, आई, येडी झालीस का, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक समोरच हायत, त्यांनलाच इचार. लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पदर कमरेला गुंडाळला. भिवरानं माझ्या कमरेला चऱ्हाट बांधलं. तिची बोटं झरझर चालत होती. गाठ बांधून तिनं ती दोनदा ओढून बघितली, तशी तिनं पोराची बघितली असंल.

"एक हिसका पोत्याला," ती म्हणाली, "दोन हिसके मानसाला. आन् बाई, गानं सोडू नका."

चारचौघांत पाटलीण गाणार? मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्या कड्यात पाय सोडले.

खांदे घासले, दंड सोलले, मग एकदम मोकळं झालं आणि मी दोराला लोंबत खाली गेले. आत गेल्यावर पहिल्यांदा आवाज मेला. वर माणसं बोलत होती, पण कुणी दूरच्या गावात बोलावं तसं. ऊब अशी, की बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार लावून घ्यावं. आंबूस, जड वास. पायाखाली ज्वारी आली आणि मी पोटऱ्यांपर्यंत रुतले. पाय काढला की दुसरा रुतायचा. वरचं तोंड भाकरीएवढं दिसत होतं.

घर माझं, दाणा माझा. चाळीस वर्षं ह्या पेवाच्या भाकरी थापल्या, वाढल्या, खाल्ल्या. आणि आत मी आज पहिल्यांदा आले होते.

कंदील उचलून भिंतीशी धरला.

भिंतभर हात होते.

लेकरांचे हात. लिंपताना उठलेले, वाळलेले, त्यावर पुढच्या खेपेच्या लिंपणाचे नवे हात. खाली ज्वारीपासून वर कड्याच्या गळ्यापर्यंत, जिथवर लेकराचा हात पोचतो आणि जिथं दोराला लटकल्याशिवाय पोचत नाही तिथंसुद्धा. कुठं पाची बोटं पसरलेली, कुठं मूठ ओढत नेलेली, कुठं दोन तळवे शेजारी शेजारी, जसं कुणी भिंतीला टेकून दम घेतला असावा. नव्या घराच्या दारावर बायका कुंकवाचे हात उठवतात तसे. पण इथं कुणी मुद्दाम उठवले नव्हते, कामात उठले होते. एका ठिकाणी वरचा पोपडा गळून पडला होता आणि आतल्या जुन्या थरात बोराएवढ्या बोटांचा हात होता. तो सासऱ्यांच्या काळचा असावा. ते लेकरू आता म्हातारं झालं असंल, किंवा झालंच नसंल, मला काय ठाऊक?

मी माझा तळवा त्यावर ठेवून बघितला. तो झाकला गेला.

पुढं दुसऱ्या एका पोपड्याखाली एक लहानसा डावा हात होता, त्याची करंगळी अर्धीच. धुळाजीची करंगळी अर्धी आहे. तीस वर्षं मी त्या हातात भाकरी ठेवत आले. ती कशी गेली हे कधी विचारलं नव्हतं, जन्मतःच असंल समजून चालले होते. आता कळलं, की ती निदान इतक्या लहानपणी गेली होती, आणि करंगळी गेल्यावरसुद्धा त्याला इथं उतरवलं होतं.

मोठ्या देवळात गेल्यावर माणूस गप्प होतं, तशी मी गप्प झाले. देवळात बाहेर चपला काढाव्या लागतात एवढं तरी कळतं. इथं माझे पाय दाण्यात रुतलेले आणि चहूकडून एवढे हात, कुणी मारायला उठलेला नाही, कुणी मागायलाही नाही. नुसते टेकलेले. ह्या जमिनीत एवढं मोठं काही उभं आहे आणि त्यावर आम्ही कालवड बांधली.

वरून भिवराचा आवाज आला, बाई, गानं म्हना. मी कंदील बाजूला ठेवला. गप बसून पोतं भरायला लागले. एवढं उतरले तर रिकाम्या हातानं वर जायचं नाही, हा माझा तोरा तेव्हाही शाबूत होता. ओंजळीनं उकरत गेले, बसत गेले. पोतं भरलं, एक हिसका दिला, ते वर गेलं, दुसरं आलं.

मग भिवरानं वरून स्वतःच पहिली ओळ म्हटली. लेकरं म्हणतात तीच.

"पेवाच्या पोटात गं, दाणा मोत्याच्या वाणी..."

आणि थांबली. साठ माणसांदेखत ती माझ्यासाठी थांबली होती. मला कसं झालं कुणास ठाऊक, मी खालून म्हटलं,

"वर माझी माय उभी, तिला ऐकू येती गाणी."

माझा आवाज त्या पोटात घुमला आणि मलाच अनोळखी वाटला. वर कुणी हसलं नाही. तिनं पुन्हा ओळ म्हटली, मी पुन्हा जोडली. पोतं अर्धं झालं होतं. मी मान वर केली तर कंदिलाची ज्योत हरभऱ्याएवढी झालेली. वाटलं, तेल संपलं. डोकं जड झालं होतं, पण मी म्हटलं, ऊब आहे. तिसऱ्यांदा ओळ आली. मी तोंड उघडलं. तोंड उघडलं आणि आत काही येईना, बाहेर काही जाईना. दोराला दोन हिसके द्यायचे हे मला ठाऊक होतं, आणि हात ज्वारीत पडून होता, तो माझा नव्हताच. समोर ती अर्धी करंगळी दिसत होती. एवढं आठवतं.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. गाणं थांबलं तेव्हा त्रिंबक म्हणाला, आई गायची व्हय सारखी, दोनदा म्हणलं तेच लई झालं. माणसं मान हलवून बरोबर म्हणाली. पाटलीण चारचौघांत किती गाणार, हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. मुंजा रुसला होता, मी लाजले होते. भिवरानं दोर हातात घेतला आणि एकटीनं ओढायला लागली. तिच्यामागं बद्रीनाथ धावला, मग धुळाजी, मग सगळे.

शुद्धीवर आले तेव्हा मी मातीत पडले होते आणि बद्रीनाथ आपल्या पागोट्यानं मला वारा घालत होता. दंडांची सालटी निघाली होती. भिवराचे तळहात दोरानं सोलले होते आणि ती ते लुगड्याला पुसत होती, भांडी घासून झाल्यावर पुसावेत तसे. छबू तिच्या मागं उभी राहून माझ्याकडं बघत होती. ती उभी होती. तिच्याऐवजी मी आडवी होते, एवढं दिसलं आणि मी उठून बसले.

पहिलं मी म्हणाले, पहार आणा आणि घण आणा.

त्रिंबकला वाटलं, वाफेनं डोकं फिरलं. म्हणाला, आई, आजोबांचा दगड हाय तो, तोंड मोठं केलं तर चोरांनला दार उघडून दिल्यावानी व्हईल. मी म्हटलं, "चोरानं दाणा नेला तर पुढल्या साली पुन्हा पिकंल, बाबा. ह्या घरात मोठी मी हाय. फोडा."

कडं फुटायला दिवस मावळला. सासऱ्यांनी दगड चांगला निवडला होता, हे मी आजही म्हणेन. धुळाजीनं घण मारला. मी त्याच्या हाताकडं बघत होते आणि तो विचारत होता, बाई, अजून मारू का. मी म्हणत होते, मार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाची तिरीप पेवात थेट भिंतीपर्यंत गेली. दोन मोठी माणसं उतरली, कंदील पायाशी ठेवून, ज्योत बारीक झाली की वर येत, मग हवेला वेळ देऊन पुन्हा उतरत. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं आणि थोडा माल काळा पडला. पडला तर पडला. गावातल्या बायका काठावर येऊन आत वाकून बघत होत्या आणि बघून झालं की बाजूला होत होत्या.

बद्रीनाथ निघाला तेव्हा मला म्हणाला, पुढच्या गावी तुमचं नाव घेऊ का? मी म्हटलं, नाव भिवराचं घ्या. मी नुसती उतरले, बसली ती. त्यानं भिवराला विचारलं तर ती पुन्हा खाली बघायला लागली होती. त्या साली आणखी चार गावांनी तोंडं फोडली. सगळ्यांनी नाही फोडली. पेवाचा कानून मात्र माझ्या कानावर आला नाही. तो माणूस त्यानंतरही बिनहुकुमाचा हिंडत राहिला. कधी कधी मला वाटतं, हुकूम घेऊन हिंडणारे लई बघितले, हा एवढाच हात जोडून हिंडणारा.

पण त्या सकाळचं एक राहिलं. छबू माझ्यापुढं येऊन उभी राहिली, रागावलेली. म्हणाली, "मी कालच गूळखोबरं खाल्लंय."

मला हसू आलं. म्हटलं, "मग?"

"मग मी काम काय करू?"

मी सांगायला तोंड उघडलं. शेण भर म्हणावं, पाणी आण म्हणावं, वासरं हाकल म्हणावं. आजवर ह्या वयाचं लेकरू माझ्यापुढं आलं आणि मी त्याला काम सांगितलं नाही असं झालंच नव्हतं. जिभेच्या टोकाशी दहा कामं होती आणि एकही बाहेर येईना. मी म्हटलं, "काही नको करू."

तिला ते कळलं नाही. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मी अजून काही सांगते का बघत. मग लांब गेली. पेवावरून काढलेल्या भुसभुशीत मातीच्या ढिगाशी बसली. तिनं पायावर माती थापली, पाय हळूच काढून घेतला आणि त्या खोप्यात एक खडा नेऊन ठेवला. खोपा मोडला. तिनं पुन्हा थापला.

तिची माय पलीकडं शेण काढत होती, बाप पेवात उतरला होता, आणि सालदाराची आठ वर्षांची पोर भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत, काहीच करत नव्हती. कुणी तिला उठवत नव्हतं. मी कामं सोडून ओसरीवर बसले आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत नुसती बघत राहिले.